सहा आठवड्यांनी बोट पाण्यात: काय उरकू आणि काय सोडू?

उलटा_वारा (धागाकर्ती) | शनिवार, रात्री १०:४०

बरेच महिने इथे नुसती वाचत होते. आज हात टेकले म्हणून लिहितेय.

बोट ३६ फुटी, फायबरग्लासची, एका मास्टची (डोलकाठीची), वय तिशीच्या पुढे. चौदा महिने यार्डात स्टँडवर उभी आहे. काम करणारे मी आणि दादा, दोघंच, तेही शनिवार-रविवार आणि मारून-मुटकून काढलेल्या रजांवर. उचलून पाण्यात सोडायची तारीख आजपासून बरोब्बर सहा आठवड्यांची मिळाली आहे. ही हुकली तर पुढची चार महिन्यांनी.

मूळ बेत साधा होता. तळाला रंग, बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे अ‍ॅनोड बदलणे, इंजिनाची सर्व्हिसिंग, झालं. पण एका खिडकीतून पाणी झिरपत होतं म्हणून छताचं अस्तर काढलं. अस्तर काढल्यावर चेनप्लेटशेजारचं (मास्टच्या तारा डेकला धरणाऱ्या पट्टीजवळचं) प्लायवूड काळं पडलेलं दिसलं. ते उकरताना जुन्या वायरी उघड्या पडल्या, त्या पाहून दादा म्हणाला, या बदलल्याशिवाय मी बोटीवर झोपणार नाही. वायरी नव्या तर बॅटऱ्या जुन्या कशाला, म्हणून लिथियम. आता आत पाय ठेवायला जागा नाही आणि मूळ यादीतलं एकही काम झालेलं नाही.

आजची यादी, सुचेल त्या क्रमाने: नऊ सीकॉक, कटलेस बेअरिंग (यात शाफ्ट, म्हणजे प्रोपेलरचा दांडा, फिरतो; प्रोपेलर धरून हलवला तर शाफ्ट वर-खाली होतो), सुकाणूला थोडा खेळ, तळावर फोड, कीलच्या (तळाखालच्या जड पंखाच्या) जोडावर पुढच्या टोकाला केसाएवढी भेग, रिगिंगची (मास्टला धरणाऱ्या तारांची) तपासणी, चेनप्लेट, खिडक्या, हॅच, डिझेलची टाकी धुणे, वायरिंग, लिथियम, अस्तर, ओटा. (हो, ओटाही काढलाय.)

प्रश्न एकच. यातलं काय सोडून देऊ?


तिरकस | शनिवार, रात्री ११:०५

"हात लागलाच आहे तर" हे चार शब्द बोटीच्या दारावर लाल रंगाने लिहून त्यावर फुली मारा. ओटा का काढला?


उलटा_वारा | शनिवार, रात्री ११:१२

सिंकच्या सीकॉकपर्यंत हात पोचत नव्हता. म्हणजे कारण होतं. थोडंसं.


जुनाखलाशी | रविवार, सकाळी ६:२०

ताई, यादी महत्त्वाप्रमाणे लावू नका. त्या हिशोबाने सगळंच महत्त्वाचं निघतं. ती जागेप्रमाणे लावा. कुठलं काम बोट जमिनीवर असतानाच होऊ शकतं, एवढं एकच विचारा.

सीकॉक, शाफ्ट, कटलेस, सुकाणू, कीलचा जोड, तळाचे फोड, अँटिफाउलिंग (तळाला शेवाळ-शिंपले धरू न देणारा रंग), अ‍ॅनोड. हा पहिला ढीग. यातलं काही राहिलं तर पुन्हा उचलावं लागेल. खिडक्या, अस्तर, ओटा, लिथियम ही सगळी कामं बोट धक्क्याला बांधून निवांत होतात. खिडकी गळली तर उशी भिजते, सीकॉक गेला तर बोट जाते. रिगिंग मधलं आहे. मास्ट उभा आहे की काढून ठेवलाय ते सांगा, मग त्यावर बोलू.

अस्तर काढलेलंच राहू द्या. पाणी कुठून येतं ते उघड्या छतावर हाताचं बोट ठेवून दाखवता येतं.

आणखी एक, न विचारता सांगतो. समोरासमोरच्या स्टँडना खालून साखळी बांधलेली आहे ना? बोटीचं वजन कील पेलते, स्टँड फक्त तोल धरतात. साखळी नसली तर कंप बसून-बसून ते बाहेर सरकतात. आणि ताडपत्रीची दोरी स्टँडला कधीच बांधू नका. वाऱ्याने ताडपत्री फुगते आणि स्टँड ओढून काढते.


उलटा_वारा | रविवार, दुपारी १:३०

काका, साखळ्या आहेत. ताडपत्रीची एक दोरी स्टँडलाच होती. आत्ता सोडून आले. मास्ट उभाच आहे.


वाचनमात्र | रविवार, दुपारी २:१५

माझ्याकडे बोट नाही, होण्याची शक्यताही नाही, पण धागा वाचतोय. सीकॉक म्हणजे नळच ना? नळ खराब झाला तर बोट कशी जाते?


गंजका_बोल्ट | रविवार, दुपारी ४:००

नळच. फक्त त्याच्या पलीकडे टाकी नसून समुद्र असतो. इंजिनाला थंड करणारं पाणी आत घ्यायला, सिंकचं आणि संडासाचं पाणी बाहेर सोडायला तळाला भोकं असतात, आणि प्रत्येक भोकावर आतून एक सीकॉक. एक सांधा तुटला तर बोटीत येणारं पाणी बिल्ज पंपाला (तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाला) झेपतच नाही.

आता धागाकर्तीसाठी. तुमच्या वयाच्या पुष्कळ बोटींवर साध्या पितळेचे व्हॉल्व्ह आहेत. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात जस्त हळूहळू विरघळून जातं आणि मागे तांब्याची स्पंजासारखी जाळी उरते. आकार तोच, ताकद शून्य. बाहेरून हिरवट थर असतो म्हणून कळत नाही. सुरीने किंवा पॉलिशपेपरने एक ठिकाण खरवडा. पिवळं चकचकीत निघालं तर ठीक. गुलाबी निघालं तर तो व्हॉल्व्ह गेला, त्याच्याशी चर्चा करू नका.

नवीन घेताना ब्राँझ, किंवा जस्त न सोडणारं डीझेडआर पितळ, किंवा काचतंतू भरलेलं प्लॅस्टिक. तिन्ही चालतात. नुसतं "मरीन ब्रास" लिहिलेलं चालत नाही. आणि आटे बघून घ्या. तळातून येणाऱ्या नळीचे आटे सरळ असतात, बाजारातल्या बऱ्याच बॉल व्हॉल्व्हचे निमुळते. दोन्ही एकमेकांत दोन-तीन फेरे जातात, घट्ट लागल्यासारखं वाटतं, आणि सगळा भार त्या दोन-तीन आट्यांवर असतो. अमेरिकेतल्या एबीवायसी या बोटींसाठी मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात बसवलेल्या सीकॉकने २२७ किलोचा भार ३० सेकंद सोसावा असं आहे. साध्या शब्दांत, त्यावर चुकून पाय पडला तरी तुटता कामा नये.


उलटा_वारा | दोन आठवड्यांनी, शनिवार, संध्याकाळी ७:५०

नऊपैकी चार गुलाबी.

पाचवा तपासायची वेळच आली नाही. दादाने पान्हा लावून जरासा जोर दिला तर दांडा, बॉल आणि अर्धा व्हॉल्व्ह हातात आला. हा इंजिनाच्या पाण्याचा होता. गेल्या प्रवासात आम्ही त्याच्यावरच पाय ठेवून इंजिनाच्या मागे जात होतो. दादा खाली बसला आणि पाच मिनिटं काही बोलला नाही.

ठरवलं: नऊच्या नऊ बदलायचे. नाही, सातच. जुन्या मालकाने डेकवर धुण्यासाठी घेतलेलं एक आणि आता कशालाच न जोडलेलं एक, अशी दोन भोकं कायमची बुजवायची. बुजवताना नेमकं काय करायचं ते कुणी सांगेल का? यार्डातल्या एकाने सांगितलं की लाकडाची गुल्ली ठोकून वरून लांबी (पुट्टी) भरा.


तिरकस | शनिवार, रात्री ८:१०

गुल्ली ठोका, पण ती सीकॉकशेजारी दोरीने टांगून ठेवायची असते, संकटासाठी. तीच कायमची ठोकणं म्हणजे संकट आधीच साजरं करणं.


गंजका_बोल्ट | शनिवार, रात्री ९:३५

भोकाच्या कडा सरळ ठेवून लांबी भरली तर ते बाटलीचं बूच झालं, एक दिवस निघणार. कड तिरकी घासायची. उतार १ ला १२. तुमचा तळ तिथे १० मिलिमीटर जाड असेल तर भोकाच्या कडेपासून चहूबाजूंनी १२० मिलिमीटरपर्यंत बशीसारखं घासत न्यायचं. बघून पोटात गोळा येतो, कारण अंगठ्याएवढ्या भोकासाठी परातीएवढा खड्डा होतो. मग काचकापडाच्या चकत्या इपॉक्सीत भिजवून एकावर एक. जोड चिकटण्याच्या क्षेत्रफळावर टिकतो, म्हणून एवढा उतार.

काम झाल्यावर इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो आधी साध्या पाण्याने आणि घासणीने धुवा, नंतरच पॉलिशपेपर. आधी घासलंत तर तोच मेणचटपणा पृष्ठभागात दाबला जातो आणि वरचा थर धरत नाही.


अडगळ | शनिवार, रात्री १०:००

सगळ्यांनी रसायनं सांगितली, हातमोजे कुणी सांगितले नाहीत. मी तीन वर्षं उघड्या हातांनी इपॉक्सी लावलं, काही झालं नाही. चौथ्या वर्षी पापण्या सुजून डोळे बंद झाले. आता कुणी शेजारच्या बोटीवर इपॉक्सी कालवलं तरी मला खाज सुटते. एकदा शरीराने वैर धरलं की ते सुटत नाही. नायट्राइलचे मोजे, लांब बाह्या, घासताना धुळीचा आणि वाफेचा मास्क. हाताला लागलं तर अ‍ॅसिटोनने पुसू नका, ते कातडीतून आत पोचवतं. साबणपाणी वापरा.

आणि जुनं अँटिफाउलिंग कोरडं घासू नका. त्यात तांबं आहे, ती धूळ फुफ्फुसासाठी नाही.


उलटा_वारा | रविवार, दुपारी १२:२०

अडगळताई, दादाचे मोजे आजपासून सक्तीचे.

आता फोडांचं. जुना रंग ओला करून खरवडला. नाण्याएवढे ते बशीएवढे मिळून साधारण चाळीस. एक फोडला तर आतून चिकट पाणी आलं, व्हिनेगरसारखा वास. यार्डातल्या त्याच माणसाचं म्हणणं, सगळा जेलकोट (तळाचा गुळगुळीत बाहेरचा थर) सोलून काढा आणि नवा बॅरिअर कोट (पाणी अडवणारा लेप) मारा. चार आठवडे उरलेत.


गंजका_बोल्ट | रविवार, दुपारी ३:१०

चाळीस फोडांनी कुठलीही बोट बुडालेली नाही.

पाणी जेलकोटमधून अगदी हळू आत शिरतं, पॉलिएस्टरमधल्या विरघळणाऱ्या अंशांत मिसळतं, तो द्रव घट्ट होतो आणि आणखी पाणी ओढतो. म्हणून दाब आणि म्हणून आंबट वास. एकेक फोड उघडा, पांढुरकं सैल सगळं निघून कडक काच लागेपर्यंत घासा, गोड्या पाण्याने रोज धुवा, वाळू द्या, शेवटी इपॉक्सी आणि लांबी. रोज धुण्याचं कारण, तो आंबट द्रव पाण्याने निघतो, नुसत्या वाळवण्याने नाही.

सगळा तळ सोलायचा तर वाळवायलाच महिने लागतात. ओल्या तळावर बॅरिअर कोट मारला तर पाणी बाहेर राहत नाही, आत कोंडतं. चार आठवड्यांत सोलून रंगवून देतो म्हणणाऱ्याला ओलावा मोजायचं मीटर दाखवायला सांगा.


जुनाखलाशी | रविवार, संध्याकाळी ५:४५

गंजकेरावांशी सहमत. माझी शेवटची बोट फोडांसकट विकली, आणि घेणाऱ्याने फोडांसकट ती फिरवली.

पण त्या कीलच्या भेगेवर कुणीच बोललं नाही. तिच्याबद्दल मी एवढा सैल बोलणार नाही. बोट कधी समुद्राच्या तळाला घासली होती का? बिल्जमध्ये कीलचे बोल्ट दिसतात त्यांच्याभोवती गंजाचे ओघळ आहेत का? बोल्टांच्या आजूबाजूला जे आडवे-उभे पट्टे तळाला चिकटवलेले असतात, त्यांच्या मुळाशी तडे आहेत का?


उलटा_वारा | रविवार, रात्री ९:००

आमच्या ताब्यात आल्यापासून वाळूवर एकदा, हळू. आधीचं माहीत नाही. ओघळ नाहीत. पट्ट्यांच्या मुळाशी टॉर्च लावून, नखाने खरवडून पाहिलं, रंग सलग आहे. भेग पुढच्या टोकाला, वीतभर.


वाचनमात्र | रविवार, रात्री ९:२०

कील खरंच निखळू शकते?


जुनाखलाशी | सोमवार, सकाळी ६:०५

क्वचित, पण हो. २०१४ च्या मे महिन्यात 'चीकी राफिकी' ही ४० फुटी बोट अटलांटिक ओलांडताना कील निखळून उलटली. चौघंही गेले. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने २०१५ मध्ये अहवाल दिला. आधी अनेकदा समुद्राचा तळ लागल्याने आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांमुळे कीलला धरणारी आतली रचना कमकुवत झाली असावी, असं त्यात होतं. म्हणून मी बोल्टांइतकंच त्या पट्ट्यांबद्दल विचारलं. बोल्ट शाबूत असून आतला पट्टा तळापासून सुटलेला असू शकतो.

आता एक युक्ती. स्टँडवर बोटीचं वजन कीलवर बसलेलं असतं, म्हणजे जोड दाबलेला असतो. खरी परीक्षा लिफ्टच्या पट्ट्यांत बोट लटकते तेव्हा, कारण तेव्हा कील खाली ओढते. आत्ता भेगेतला रंग आणि लांबी काढून स्वच्छ करा, दोन्ही बाजूंवरून पेन्सिलीने आडव्या रेषा मारा, फोटो घ्या. लटकल्यावर पुन्हा बघा. उघडत नसेल, पाणी गळत नसेल, तर ती नुसती लांबीतली भेग. लवचीक सीलंट भरा आणि निघा. उघडली तर तारीख सोडा. त्या दिवशी कितीही वाईट वाटलं तरी.


उलटा_वारा | गुरुवार, रात्री ११:३०

सात सीकॉक बसले. दोन भोकं बुजली. दादाच्या मते जगातल्या सगळ्या समस्या १ ला १२ उताराने सुटतात.

आज शाफ्ट काढायला घेतला. कपलिंग (इंजिन आणि शाफ्ट यांना जोडणारी चकती) सुटलं, शाफ्ट मागे यायला लागला आणि सुकाणूला अडला. आता सुकाणूही काढायचा? तो खाली सोडायला बोटीखाली जागा नाही.


अडगळ | शुक्रवार, सकाळी ८:१५

सुकाणूला खेळ आहे म्हणालात ना, मग तो काढायचाच होता. जमीन कच्ची असेल तर खाली खड्डा खणा, मी तेच केलं होतं. काँक्रीट असेल तर यार्डाला सांगून लिफ्टने वर घ्यावी लागेल. स्टँड स्वतः हलवू नका. आणि सुकाणूच्या खालच्या टोकाला एक बारीक भोक पाडून बघा. आत फोम असतो, त्यात पाणी मुरतं. माझ्यातून दोन दिवस थेंबथेंब येत होतं.


गंजका_बोल्ट | शुक्रवार, सकाळी ९:००

शाफ्ट हाती आला की स्टर्न ट्यूबच्या (शाफ्ट ज्यातून बाहेर जातो त्या नळीच्या) आत बसणारा भाग भिंगाने पाहा. स्टेनलेस स्टीलला गंज लागत नाही तो त्याच्या पृष्ठभागावरच्या ऑक्साइडच्या पापुद्र्यामुळे, आणि तो पापुद्रा टिकायला प्राणवायू लागतो. ट्यूबच्या आत पाणी साचून राहतं, प्राणवायू संपतो, तिथे खड्डे पडतात. तुमच्या चेनप्लेटचंही हेच दुखणं. डेकच्या वर चकाकते, डेकच्या खाली चकाकते, आणि मधल्या ओल्या सांदीत, जिथे नजर पोचत नाही, तिथेच खाल्लेली असते. प्लायवूड काळं पडलंय म्हणजे तिथे वर्षानुवर्षं पाणी होतं. ती चेनप्लेट काढल्याशिवाय मास्टवर शीड चढवू नका.


उलटा_वारा | शनिवार, संध्याकाळी ६:४०

जमीन कच्ची. खणलं. पाऊण दिवस गेला.

सुकाणूतून पाणी आलं, अर्धी बादली. बेअरिंगच्या बुशा नव्या मागवल्या. शाफ्टला दोन ठिकाणी खड्डे, नखाला लागतात. नवा करायला टाकला, दोन आठवडे. चेनप्लेट काढल्या. सहापैकी एकीला डेकच्या पातळीवर काळी रेघ होती, रंगद्रव्य लावून तपासलं तर रेघ नाही, तडा. सहाही नव्या.

लिथियम रद्द. सांगताना वाईट वाटतंय.


विजेचा_किडा | शनिवार, रात्री ८:००

मी लिथियमचा भक्त आहे आणि मीच म्हणतो, छान केलंत. ती बॅटरी बदलणं म्हणजे नुसतं खोकं बदलणं नाही. तिचा आतला प्रतिकार कमी, म्हणून ती अल्टरनेटरकडून मिळेल तेवढा प्रवाह ओढते आणि साधा अल्टरनेटर तापून जळतो. तिच्या संरक्षण यंत्रणेने भर चार्जिंगमध्ये जोडणी तोडली तर व्होल्टेजचा झटका डायोड उडवतो. रेग्युलेटर, चार्जर, सगळं तिच्या तालावर लावावं लागतं. हे धक्क्याला बांधून, शांत डोक्याने.

वायरिंग मात्र आत्ताच. एकच नियम सगळ्यात आधी पाळा: बॅटरीच्या धन टोकापासून १८ सेंटिमीटरच्या आत फ्यूज. फ्यूज वायरीला वाचवतो, उपकरणाला नाही. त्याच्या अलीकडचा वायरीचा तुकडा हा विनासंरक्षण असतो, म्हणून तो छोटा हवा. वायर कथिलाचा मुलामा असलेली घ्या, साधं तांबं खाऱ्या हवेत आतून काळं पडतं.


तिरकस | शनिवार, रात्री ८:२०

भक्ताने देव नाकारला. धाग्याचं सार्थक झालं.


जुनाखलाशी | रविवार, सकाळी ६:३०

ताई, चौदा महिन्यांनी कासावीस होऊ नका. जोशुआ स्लोकम यांना शेतात पडलेली 'स्प्रे' नव्याने उभी करायला १३ महिने लागले होते. पुढे त्याच बोटीने ते १८९५ ते १८९८ एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. अर्थात त्यांना लिथियमचा मोह नव्हता.


उलटा_वारा | दोन आठवड्यांनी, शनिवार, रात्री १०:१५

शाफ्ट आला, बसला. कटलेस नवं, शाफ्टवाटे पाणी आत येऊ न देणाऱ्या सीलची रबरी बेलोही (घड्यांची नळी) नवी. प्रोपेलरच्या दोन नटांवरून आमचं भांडण. एक जाड, एक पातळ. दादा म्हणतो जाड आधी, अक्कल सांगते तसं. खरं काय?


गंजका_बोल्ट | शनिवार, रात्री १०:४०

अक्कल इथे चुकते. पातळ आधी, प्रोपेलरला टेकून. जाड त्याच्यावर. जाड नट घट्ट आवळला की पातळ नटाच्या आट्यांवरचा भार उतरतो आणि सगळा ताण बाहेरचा नट घेतो. म्हणून भार घेणारा जाड तो बाहेर. मग कॉटर पिन. जाड आधी लावलेल्या बोटी जगभर फिरतायत हेही खरं, तेव्हा दादांना फार चिडवू नका.

त्याआधी प्रोपेलर चावीशिवाय (चावी म्हणजे शाफ्ट आणि प्रोपेलरमधल्या खाचेत बसणारा धातूचा तुकडा) शाफ्टवर चढवून कुठवर येतो तिथे खूण करा. मग चावी घालून. त्याच खुणेवर आला पाहिजे. अलीकडेच थांबला तर तो चावीवर चढलाय, निमुळत्या भागावर बसलेला नाही.


उलटा_वारा | रविवार, रात्री ९:३०

चावीवर चढला होता. चावी घासली. आता खुणेवर.

पाच दिवस राहिले. फोड भरले, प्रायमर झाला. उद्या अँटिफाउलिंग. आणखी काही?


अडगळ | रविवार, रात्री ९:५०

डबा तळापासून ढवळा, मग पुन्हा ढवळा. तांबं खाली बसलेलं असतं. वरवरचा रंग काढून मारलात तर अर्ध्या बोटीला नुसतं रंगीत पाणी मिळतं. पाण्याच्या रेषेजवळ, कीलच्या आणि सुकाणूच्या पुढच्या कडांना एक थर जास्त, तिथे घर्षण सगळ्यात जास्त. अ‍ॅनोडवर थेंबही नको, रंगवलेला अ‍ॅनोड म्हणजे नुसतं वजन. डेप्थच्या सेन्सरवर त्याच्यासाठीचाच रंग.

स्टँडच्या गाद्यांखालची जागा आणि कीलचा तळ राहतोच. आदल्या संध्याकाळी बोट पट्ट्यांत लटकवून ठेवायला यार्ड तयार आहे का विचारा. रात्रभर मिळाली तर ते ठिगळंही होतात, आणि काकांची भेगही बघता येते. पट्टे कुठे यावेत ते बाहेरून टेपने खुणा करून ठेवा. शाफ्टवर पट्टा आला तर दोन आठवड्यांची मेहनत पाण्यात, बोट पाण्यात न जाताच.


उलटा_वारा | शुक्रवार, रात्री ८:४५

लटकलीय. पेन्सिलीच्या रेषा सरळ जुळतात. भेग तेवढीच, कोरडी. दादा कीलखाली पाठीवर झोपून रंग मारतोय, मी टॉर्च धरून हे लिहितेय.


जुनाखलाशी | शुक्रवार, रात्री ९:००

उत्तम. उद्या पाण्यात टेकली की लगेच पट्टे सोडू देऊ नका. पंधरा मिनिटं लटकतीच ठेवा, दोघांनी आत जाऊन प्रत्येक सीकॉकला कोरडा कागद लावून बघा. आणि बेलोचा सील आहे म्हणालात, तर बेलो हाताने दाबून आतली हवा काढा, पाणी यायला लागलं की सोडा. हवा अडकलेली राहिली तर सील कोरडा फिरतो आणि जळतो.


उलटा_वारा | शनिवार, दुपारी ४:३०

तरंगतेय.

सातही सीकॉक कोरडे. बुजवलेली भोकं कोरडी. शाफ्टची हवा काढली, दादाच्या तोंडावर फवारा. आणि पाणी आलं ते भलतीकडूनच. वेग मोजणाऱ्या लॉगच्या चक्रातून. नऊ भोकांचा हिशोब करत बसलो, हे दहावं. त्याची ओ-रिंग चौदा महिन्यांत वाळून तडकली होती. लिफ्टवाल्याला पुन्हा जरा उचलायला लावलं, सोबतची आंधळी टोपी ग्रीस लावून बसवली, थांबलं. या धाग्यात एवढी डोकी, लॉगचं नाव कुणी काढलं नाही!


गंजका_बोल्ट | शनिवार, दुपारी ५:००

कान पकडतो. इंजिन चालू करून धक्क्यापर्यंत हळू जा, पण अलाइनमेंट (इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आहेत का ते) आज तपासू नका. स्टँडवरचा तळ आणि पाण्यातला तळ यांचा आकार एक नसतो. दोन दिवस बसू द्या.


जुनाखलाशी | शनिवार, संध्याकाळी ५:२०

आणि आधी रिगिंग ताणा, मग अलाइनमेंट. श्राउड (मास्टच्या दोन्ही बाजूंच्या तारा) ताणल्यानेही बोट किंचित वाकते. वायर १×१९ ची (एकोणीस तारा पिळलेली) असेल तर ढिली असताना तिच्यावर २ मीटर अंतर मोजून खुणा करा. ताणल्यावर ते १ मिलिमीटरने वाढलं की तुटण्याच्या ताकदीच्या ५ टक्के ताण आला. ३ मिलिमीटर म्हणजे १५ टक्के. वरच्या श्राउडना तेवढं पुरे. वायर जाड असो की बारीक, हिशोब तोच.


उलटा_वारा | मंगळवार, रात्री १०:३०

रिगिंग ताणलं, ३ मिलिमीटर दोन्हीकडे. मग कपलिंग सोडून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला. वरच्या बाजूला ०.३५ मिलिमीटर फट, खाली शून्य. यार्डातून निघण्याआधी हेच ०.०५ होतं!


गंजका_बोल्ट | मंगळवार, रात्री १०:४५

म्हणूनच थांबवलं. कपलिंगच्या व्यासाच्या दर २५ मिलिमीटरला ०.०२५ पर्यंत फरक चालतो. तुमचं १०० मिलिमीटरचं असेल तर ०.१ च्या आत आणा. फट वर आहे, म्हणजे इंजिनाचं नाक खाली झुकलंय. पुढचे माउंट (इंजिनाचे पाय) वर घ्या, दोन्ही सारखे, नटाचा पाव फेरा एका वेळी, आणि दर वेळी चारही बाजूंनी मोजा.


उलटा_वारा | बुधवार, रात्री ११:५०

०.०८. तीन तास लागले.

डोक्यावर अस्तर नाही, ओट्याच्या जागी फळी आहे, दोन खिडक्यांना टेप. दादा आतच झोपलाय, नव्या वायरींच्या खाली.


तिरकस | गुरुवार, सकाळी ७:१०

ओटा कधी?